डिस्कवर बापूंचं नाव नको, आणि विकण्याआधी फेकायला शिका



गेल्या व्हिडिओत एका तरुण मित्राच्या प्रश्नाला मी दीड मिनिटात उत्तर दिलं आणि पुढे सरकलो. "बापूंचं नाव वापरू नकोस" एवढंच म्हणालो. त्यानंतर त्याचा फोन आला. "सर, तुम्ही नाही म्हटलं, पण काऊन नाही ते तं सांगितलंच नाही." बरोबर आहे त्याचं. म्हणून आज सविस्तर लिहितो. धंद्याला नाव देताना तुमच्यापैकी निम्मे लोक हीच चूक करण्याच्या तयारीत असतात, हे मला माझ्या वर्गांमधून चांगलं माहीत आहे.

मुलगा सेवाग्रामच्या अलीकडच्या एका गावचा. घरची दोन एकर जमीन रस्त्याला लागून, थोडी चढउताराची, कडेला बाभळी आणि कडुलिंब. पुण्यात नोकरीला असताना सोबतच्या मुलांबरोबर तो उडत्या डिस्कचे खेळ शिकला. आता गावी परतलाय. कल्पना अशी की आश्रम बघायला येणारे लोक, शाळांच्या सहली, मेडिकल आणि इंजिनीअरिंगचे विद्यार्थी यांच्यासाठी डिस्क गोल्फचं छोटं मैदान करायचं आणि सोबत डिस्क विकायच्या. नाव ठरवलेलं : 'बापू डिस्क'. लोगो चरखा. आईच्या बचत गटातून पैसे उचलायचे आणि पहिला खर्च पाचशे स्टिकर आणि एक मोठा फ्लेक्स.

कल्पना मला आवडली, हे आधी सांगतो. नाव आवडलं नाही. आणि पहिल्या खर्चाची यादी तर अजिबातच आवडली नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फमध्ये चेंडू भोकात घालतात, इथे प्लास्टिकची डिस्क साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. कमी फेकींत घालेल तो जिंकला. अमेरिकेत एड हेड्रिक नावाच्या माणसाने हा खेळ रुळावर आणला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिलं कायमचं मैदान झालं. गवताचे गालिचे लागत नाहीत, पाणी लागत नाही, झाडं असली तर उलट मजा वाढते. म्हणजे आपल्या पडीक जमिनीला हा खेळ शोभतो. फक्त दोन एकरात नऊ टोपल्या बसवण्याच्या नादी लागू नये. चार बसवा, नीट अंतर ठेवून, आणि रस्त्याच्या दिशेने एकही फेक जाणार नाही अशा. एखाद्या आजोबांच्या डोक्याला डिस्क लागली की धंदा त्याच दिवशी बंद.

आता मी त्याच्याकडे गेलो त्या दिवसाचं सांगतो. त्याने मोठ्या उत्साहाने चोवीस डिस्कची पेटी उघडली. परदेशी, चकचकीत, रंग असे की डोळे दिपावेत. जवळजवळ सगळ्या 'ड्रायव्हर', म्हणजे लांब पल्ल्याच्या. नावंही तशीच : 'डिस्ट्रॉयर', 'न्यूक'. मला हसू आलं. आश्रमापासून हाकेच्या अंतरावर अणुबॉम्बच्या नावाची डिस्क, आणि तिच्यावर हा चिकटवणार बापूंचं स्टिकर!

"फेकून बघा ना सर," म्हणाला. फेकली. हवेत वीस पावलं गेली, डावीकडे वळली आणि शेजारच्याच्या तुरीत. दुसरी फेकली, तीही तुरीत. तिसरीला शेजारी स्वतःच बांधावर येऊन उभा राहिला.

दोष माझ्या हाताचा होताच, पण डिस्कचाही होता. या डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा सुरुवातीचं वळण, चौथा शेवटचं वळण. 'डिस्ट्रॉयर'चा वेग १२ आहे, 'न्यूक'चा १३. नवशिक्याला वाटतं वेग जास्त म्हणजे डिस्क लांब जाणार. तसं नसतं हो! तो आकडा सांगतो की ही डिस्क नीट उडायला तिला किती वेगाने फेकावं लागेल. तेवढा वेग हातात नसेल तर ती उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची लगेच डावीकडे कोसळते. दहा वर्षांच्या मुलाला बुलेट चालवायला देण्यासारखं आहे हे.

नवशिक्याला द्यायची ती 'पटर' किंवा 'मिडरेंज'. 'एव्हिअर' नावाच्या जुन्या पटरचा वेग २ आहे, 'बझ'चा ५. या हळू डिस्क सरळ जातात, हातात जाड आणि गोल बसतात, आणि चूक झाली तरी सांभाळून घेतात. वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या घ्या, मुलांना आणि बायकांना सोप्या जातात. जरा हात बसला की वेग ६ किंवा ७ ची आणि तिसरा आकडा उणे असलेली एखादी. बास. तुमच्या दुकानाला पहिल्या वर्षी याहून जास्त काही लागत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्याचं ऊन लक्षात ठेवा. स्वस्त प्लास्टिकची डिस्क पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर मऊ पडून वाकडी होते, मग तिचे चारही आकडे खोटे.

फेकण्याचंही सांगतो, कारण मैदान चालवणाऱ्याला हे दुसऱ्याला शिकवावंच लागणार. बहुतेक जण डिस्क दंडाच्या जोराने भिरकावतात. जोर पायातून आणि कमरेतून येतो, हात शेवटी येतो. खांदा फिरवून डिस्क मागे न्यायची आणि छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत पुढे ओढायची. अंगाभोवती गोल फिरवून आणली की ती तुमच्या मनाप्रमाणे सुटतच नाही. पुढची कडा वर उचलली तर डिस्क आभाळात चढते आणि तिथूनच खाली पडते, म्हणून कडा सपाट, उलट किंचित खाली. आणि सुटताना मनगटाचा झटका. डिस्क तरंगते ती गरगर फिरण्यामुळे, नुसत्या जोरामुळे नाही. ज्यांनी लहानपणी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. गोफणीत ताकद किती यापेक्षा दोरी कधी सोडली यावरच सगळं असतं.

याचा धंद्याशी काय संबंध? सहलीला आलेला माणूस तुमच्याकडे आयुष्यातली पहिली फेक फेकणार आहे. ती तुरीत गेली तर तो हसेल, दुसरी फेकेल, आणि पैसे देऊन निघून जाईल. ती सरळ पन्नास पावलं जाऊन साखळीला खणकन लागली, तर तो बायकोला म्हणेल, "तू फेकून बघ." त्या खणकन आवाजावर तुमचं तिकीट विकलं जाणार आहे, फ्लेक्सवर नाही. त्यामुळे बचत गटाच्या पैशातला पहिला रुपया हळू डिस्कवर आणि दुसरा टोपलीवर. स्टिकरचा नंबर खूप खाली.

आता नावाकडे येतो.

आधी कायदा, कारण तो सोपा आहे. १९५० सालचा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या यादीत महात्मा गांधींचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये ते वापरता येत नाही, आणि ट्रेडमार्कच्या कायद्यातही अशी नावं नोंदवायला मनाई आहे. यावर आमचा मित्र म्हणाला, "सर, मी तं बापू लिहितो, गांधी कुठं लिहितो?" अरे बाबा, सेवाग्रामच्या रस्त्यावर चरख्याशेजारी 'बापू' लिहिलं तर ते कोणाचे बापू, हे कोर्टात सांगायला वकील लागणार नाही! दुसरा मुद्दा त्याने स्वतःच शोधून काढला होता, की त्या कायद्यात दंड पाचशे रुपये लिहिलाय. "पाचशे तं भरून टाकू." पाचशे रुपयांची भीती घालतच नाहीये मी. ट्रेडमार्क मिळणार नाही, म्हणजे उद्या तुमचं मैदान चाललं तर पलीकडच्या गावात कोणीही त्याच नावाने सुरू करेल आणि तुम्ही बघत बसाल. जे नाव तुमचं होऊच शकत नाही त्याच्यावर पाचशे स्टिकर कशाला?

चरख्याचंही तेच. चरख्याचं चिन्ह आणि 'खादी' हा शब्द यावर खादी आणि ग्रामोद्योग आयोग आपला हक्क सांगतो आणि त्यासाठी भांडतो. 'खादी' शब्द वापरल्यावरून त्यांनी २०१८ मध्ये फॅबइंडियासारख्या मोठ्या कंपनीकडे ५२५ कोटींची भरपाई मागितली. दोन एकरवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नाहीच म्हणेन. २००९ मध्ये मॉन्ट ब्लाँक या पेनाच्या कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याची निब असलेलं पेन काढलं. किंमत अकरा लाखांच्या वर, फक्त २४१ पेनं, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची. निबेवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले. कल्पकता बघा, मेहनत बघा! आणि तरीही देशभर लोक विचारत राहिले की ज्या माणसाने पेन्सिलीचा तुकडासुद्धा वाया जाऊ दिला नाही त्याच्या नावाचं अकरा लाखांचं पेन? प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये भारतात विक्री थांबवावी लागली. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका बिअर कंपनीने 'गांधी-बॉट' नावाची बिअर काढली होती. २०१५ मध्ये इथून ओरड झाली, हैदराबादच्या कोर्टात अर्ज गेला, कंपनीने माफी मागितली, आणि पुढे ती बिअर 'जी-बॉट' झाली. दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यात बसून ही बातमी वाचताना कसं वाटलं असेल, कल्पना करा.

आपल्याच राज्यातलं उदाहरण तर तुम्हाला माहीत आहे. संभाजी बिडी. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीचं कित्येक वर्षं चाललेलं नाव, खेड्यापाड्यात पोचलेलं. पण ज्या राजाचं नाव घेताना लोक हात जोडतात ते नाव ओढून फेकायच्या थोटकावर, हे लोकांना सलत होतं. आंदोलनं झाली, २०२० मध्ये कंपनीने नाव बदलायचं जाहीर केलं आणि २०२१ मध्ये ती 'साबळे बिडी' झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला ते पेलवलं. तुम्हाला तीन महिन्यांत नाव बदलावं लागलं तर? गाडी, फ्लेक्स, पावतीपुस्तक, गुगलवरचा पत्ता, सगळं परत. आणि एक लक्षात घ्या, डिस्क ही वस्तू जमिनीवर आपटते, चिखलात पडते, तिच्यावर पाय पडतो. त्यावर बापूंचा चेहरा? अपमान करायचा तुमचा हेतू नसेल, पण कुणी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत हेतू दिसत नाही.

आता एक गोष्ट जी मी व्हिडिओत सांगितली नव्हती. हे सगळं मी शहाणपणाने शिकलेलो नाही. प्रशिक्षक होण्याआधी मी जवसाची आणि तिळाची चटणी विकायचो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सेवाग्राम', आणि बाजूला एक गोल चष्मा. फक्त चष्मा! मी स्वतःला फार हुशार समजत होतो. नागपूरच्या एका प्रदर्शनात लोक विचारायचे, "आश्रमाची का?" मी हो म्हणायचो नाही. नुसता हसायचो. एका काकूंनी त्या हसण्यावर दहा पाकिटं घेतली, नातेवाइकांना वाटायला. काही दिवसांनी त्या आश्रम बघायला आल्या, तिथे चटणीची चौकशी केली, आणि मग पाकिटावरच्या नंबरवर मला फोन. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "भाऊ, चटणी खरंच चांगली होती. मग हे कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चष्मा मी पुढच्या छपाईत काढला, पण त्या काकूंनी परत कधी चटणी मागवली नाही.

काही जण म्हणतील, सर, वर्ध्यात अर्धं गाव गांधींच्या आणि त्यांच्या माणसांच्या नावावर चालतं, मग आम्हीच काय घोडं मारलं? फरक आहे. मगन संग्रहालय घ्या. १९३८ पासून उभं आहे, मगनलाल गांधींच्या नावाने. मगनलालांनी आयुष्य आश्रमाच्या आणि चरख्याच्या कामात घातलं आणि तिथे आजही खादीचं, ग्रामोद्योगाचंच काम चालतं. नाव आणि काम एकाच धाग्यात आहेत. तुमच्या डिस्कचा आणि बापूंचा धागा कोणता? डिस्क गरगर फिरते आणि चरखाही फिरतो. एवढ्यावर कसं भागेल? पंखाही फिरतो.

गंमत म्हणजे नाव ठेवण्याच्या बाबतीत गांधीजी स्वतः फार काटेकोर होते. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणायचे, ते त्यांना पटेना. त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात वाचकांकडून नावं मागवली, बक्षीस ठेवून. याच मगनलालांनी 'सदाग्रह' सुचवलं. गांधीजींनी त्याचं 'सत्याग्रह' केलं. म्हणजे आधी काम, मग त्या कामाला बसणारा शब्द, तोही लोकांना विचारून, आणि वर स्वतःची दुरुस्ती. आणि आपलं गाव? याचं मूळ नाव शेगाव. बापू १९३६ मध्ये इथे आले आणि टपाल बुलडाण्याच्या शेगावला जाऊ लागलं. घोटाळा थांबेना, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. टपाल नीट पोचावं म्हणून नाव बदललं! नाव ठेवताना हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो : या नावाने तुमच्याकडे येणारा माणूस चुकून दुसरीकडे तर जाणार नाही ना?

गावाचं नाव वापरलं तर चालेल का, हाही प्रश्न आला. मैदान खरोखर तिथे असेल तर पत्ता म्हणून खुशाल लिहा. पण नुसत्या गावाच्या नावावर तुमचा एकट्याचा ट्रेडमार्क होणं कठीण. आणि माझ्यासारखं नुसतं हसू नका.

डिस्कच्या स्वतःच्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९३८ च्या सुमारास फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आणि त्याची मैत्रीण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनारी केकचं भांडं एकमेकांकडे फेकत होते. एकाने ते पंचवीस सेंटला मागितलं. दुकानात ते पाच सेंटला मिळायचं. धंदा तिथेच सुरू झाला. पुढे मॉरिसनने प्लास्टिकची डिस्क केली, 'प्लुटो प्लॅटर' नाव दिलं आणि १९५७ मध्ये हक्क व्हॅम-ओ कंपनीला विकले. कंपनीने नाव बदलून 'फ्रिस्बी' केलं. कनेक्टिकटमध्ये फ्रिस्बी नावाची पायची बेकरी होती, तिच्या पत्र्याच्या ताटल्या पोरं फेकायची, त्यावरून. मॉरिसनला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. रॉयल्टी यायला लागल्यावर मात्र त्याची तक्रार राहिली नाही, तो भाग वेगळा. पण 'फ्रिस्बी' कंपनीचा ट्रेडमार्क झाला, म्हणून खेळाचं सर्वमान्य नाव झालं 'डिस्क गोल्फ'. तुमच्या फ्लेक्सवर 'फ्रिस्बी' लिहाल तर तेही दुसऱ्याचं नाव आहे, हे ध्यानात असू द्या. आणि परदेशी कंपनीच्या डिस्कवर तिचा छाप झाकून आपलं स्टिकर लावणं, हे तर करूच नका. मैदानाचं नाव तुमचं, डिस्कचं नाव बनवणाऱ्याचं.

मग काय करायचं? मराठीत फिरणाऱ्या वस्तूंना शब्द कमी आहेत का? भिंगरी, भिरभिरं, चकती, गरगर. पाच नावं काढा, आईला आणि गावातल्या पोरांना मोठ्याने म्हणायला लावा. ज्याचा उच्चार अडतो ते खोडा. उरलेली ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा, शोध फुकट आहे. खेळाच्या सामानाचा वर्ग २८, मैदान आणि प्रशिक्षणासाठी ४१. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे. नोंदणी झाली की दहा वर्षं. पहिल्याच महिन्यात अर्ज करा असं मी म्हणत नाही, आधी दोन-तीन महिने चालवून बघा. पण शोध आधी घ्या. आणि उद्या स्वतःची डिस्क बनवून लहान मुलांचं खेळणं म्हणून विकणार असाल, तर चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्याची चौकशी साचा करायला टाकण्याआधी.

परवा मी पुन्हा गेलो होतो. दहा ड्रायव्हर त्याने पुण्याच्या मित्रांना विकून टाकलेत, त्या पैशात सहा पटर आल्यात. टोपली एकच आहे, गावातल्या वेल्डरने केलेली, साखळ्या जुन्या सायकलींच्या. त्याची आई खुरपणी सोडून आली, पदर खोचला आणि फेकली. पहिली बाभळीत अडकली. दुसरी सरळ गेली, टोपलीच्या काठाला लागून खाली पडली. "अजून एक दे रे," म्हणाली. शेजारी बांधावर होताच. या वेळी तोही आत आला.

निघताना पोराने विचारलं, "सर, भिंगरी ठरवतो. स्टिकर छापायला टाकू का?"

म्हटलं, शोध घेतलास का? नाही म्हणाला. आधी तो घे, म्हटलं, आणि स्क्रीनशॉट पाठव. अजून आलेला नाही.